दिनविशेष : ४ ऑगस्ट – माशांच्या वाटणीचा करार

४ ऑगस्ट १९९५. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने मत्स्यसाठा करार स्वीकारला. अध्यक्ष होते फिजीचे भारतीय वंशाचे मुत्सद्दी सत्या नंदन. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या हद्दीच्या आतबाहेर फिरणारे मासे आणि महासागर ओलांडणारा टूना, म्हणजे आपला कुपा, यांचे जतन देशांनी मिळून करायचे ठरले. करार ११ डिसेंबर २००१ रोजी लागू झाला. भारत २००३ मध्ये सामील झाला.

परभणीला समुद्र नाही. पण सामाईक साठा दुसऱ्याने आधीच उचलला की आपल्या वाट्याला काही उरत नाही, हे दुखणे परभणीकराला समजावून सांगावे लागत नाही. वर नाशिक-नगरची धरणे भरली आणि जायकवाडी रिते राहिले, की डाव्या कालव्यावरच्या पाथरी-मानवतच्या रानाला भेगा पडतात. माशांचेही तसेच. रत्नागिरीच्या होड्यांनी गाभोळीच्या दिवसांत जाळी आवरली, पण परक्या जहाजांनी खोल समुद्रात साठाच उपसला, तर नारळी पौर्णिमेनंतर हाती काय लागणार?

म्हणूनच करारातले एक कलम फार मोलाचे वाटते : शास्त्रीय माहिती अपुरी आहे, या सबबीवर संवर्धन लांबणीवर टाकता येत नाही. माहिती जितकी तोकडी, तितके जास्त सावध राहायचे. शिवाय खुल्या समुद्रात एका सदस्य देशाचे निरीक्षक दुसऱ्याच्या जहाजावर चढून जाळी आणि पकड तपासू शकतात.