संभावित वेषातील वेग

मोटारीच्या कुळाच्या दोन शाखा फार लवकर निराळ्या झाल्या. धावण्यासाठी जन्मलेली गाडी बुटकी, दोन आसनांची आणि गोंगाटी असे. प्रतिष्ठितांनी बसावयाची चारदारी गाडी प्रशस्त, वजनदार आणि निवांत चालीची असे. आणि एकीचे गुण दुसरीत शोधावयास कोणी जात नसे. या दोन शाखांची सोयरीक जुळविण्याचे प्रयत्न अधूनमधून झाले, आणि १९५९ साली इंग्लंडातील जॅग्वार कंपनीने आपल्या ‘मार्क २’ गाडीत ३.८ लिटरचे इंजिन बसवून त्यात बरेच यशही मिळविले. परंतु राजदूताच्या दारी शोभेल अशी ऐसपैस गाडी शर्यतीच्या गाडीला मागे टाकू शकते, हे जगाच्या प्रत्ययास आणून देण्याचा मान जर्मनीतील श्टुटगार्टच्या डाइमलर-बेंझ कंपनीकडे जातो. आणि हा पराक्रम कंपनीच्या हुकमाने झाला नसून तिच्या एका इमानी नोकराच्या अवज्ञेतून झाला, हे त्याचे खरे वैशिष्ट्य होय.

१९५५ साली ल मान्स येथील शर्यतीत मर्सिडीज गाडी प्रेक्षकांत उडून ऐंशीहून अधिक माणसे प्राणास मुकली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मर्सिडीज बनविणाऱ्या डाइमलर-बेंझ कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतले. पुढे तिने आपली सारी बुद्धी सुरक्षितता, टिकाऊपणा आणि दरबारी थाट यांच्या सेवेस लावली. १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात मांडलेली ‘६००’ ही त्या थाटाची परिसीमा होती. सुमारे अडीच टन वजनाची ही गाडी हलविण्यासाठी ६,३३२ घनसेंटिमीटरचे, आठ नळकांड्यांचे आणि २५० अश्वशक्तीचे इंजिन मुद्दाम घडविण्यात आले होते. पण राष्ट्राध्यक्ष, संस्थानिक आणि कोट्यधीश यांची संख्या जगात मर्यादितच असल्याने अठरा वर्षांत अवघ्या २,६७७ गाड्या निघाल्या.

या दरबारी इंजिनावर एरिक वाक्सनबर्गर या तरुण अभियंत्याची नजर गेली. १९६६च्या सुमारास, वरिष्ठांची रीतसर मंजुरी न घेता, त्याने ते एका लहान गाडीच्या पुढील कप्प्यात महत्प्रयासाने बसविले. गाडी-विकासाचा प्रमुख रुडॉल्फ ऊलनहाउट हा स्वतः शर्यतीच्या गाड्या कसलेल्या चालकाच्या तोडीने हाकणारा असामी होता. हा खटाटोप कानी येताच त्याने गाडी मागवून घेतली, आणि सांगतात की, रस्त्यावरच्या तांबड्या दिव्यापाशी थांबला असता त्याने खाली उतरून झाकण उघडून पाहिले. आत काय आहे ते कळल्यावर त्याने अवज्ञेची चौकशी मांडण्याऐवजी प्रकल्पालाच पाठबळ दिले.

मार्च १९६८ मध्ये जिनिव्हा येथे ‘३०० एस. ई. एल. ६.३’ ही गाडी जाहीर झाली. नेहमीच्या ३०० एस. ई. एल. गाडीहून ती डोळ्यांना फारशी निराळी दिसत नसे. मागील झाकणावर ‘६.३’ हा लहानसा आकडा तेवढा होता. आत तेच चकाकते लाकूड, तेच हवेच्या दाबावर तोललेले मृदू निलंबन, तेच आपोआप बदलणारे गिअर. आणि तरीही पावणेदोन टनांची ही गाडी साडेसहा सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठी व २२०पर्यंत जाई. ज्या इंजिनाने अडीच टनांचे ओझे वाहावे असा संकल्प होता, त्याच्यावरील भार हलका झाला, एवढेच या चमत्काराचे गणित होते. १९७२पर्यंत ६,५२६ गाड्या निघाल्या, म्हणजे ज्या ‘६००’चे इंजिन तिने घेतले होते तिच्या दुपटीहून अधिक.

या गाडीचे पुढील कर्तृत्व कंपनीबाहेरच्या माणसांनी प्रकट केले. हान्स व्हर्नर आउफरेख्ट आणि एर्हार्ड मेल्खर यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या ए. एम. जी. या छोट्या कारखान्याने तिचे इंजिन ६.८ लिटरपर्यंत वाढवून ४२८ अश्वशक्ती काढली, आणि १९७१ साली बेल्जियममधील स्पा येथील चोवीस तासांच्या शर्यतीत हे तांबडे धूड उतरविले. हान्स हायर आणि क्लेमेन्स शिकेनटान्झ यांनी ते दुसऱ्या क्रमांकावर आणले, तेव्हा हलक्या, सडपातळ गाड्यांची सवय झालेल्या प्रेक्षकांना आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवणे कठीण गेले असावे.

पुढील वंशविस्तार थोडक्यात सांगता येतो. तेलटंचाईने लांबलेली ‘४५० एस. ई. एल. ६.९’ १९७५ साली आली. म्युनिकच्या बी. एम. डब्ल्यू. कंपनीने १९८५ साली ‘एम ५’ काढून मध्यम आकाराच्या, साध्या दिसणाऱ्या गाडीत २८६ अश्वशक्ती भरली. १९९०च्या पॅरिस प्रदर्शनात दिसलेली मर्सिडीजची ‘५०० ई’ स्वतःच्या नेहमीच्या जोडणी-मार्गावर मावेना, म्हणून तिची जोडणी शेजारच्या पोर्शे कंपनीच्या साह्याने झाली. तिच्याच पिढीची सौम्य भावंडे १९९५पासून टाटांच्या टेल्को कंपनीच्या भागीदारीत पुण्यात तयार होऊ लागली, तेव्हा महाराष्ट्रातील कामगारांच्या हातांना या कुळाचा स्पर्श झाला.

या जातीचा स्वभाव अश्वशक्तीच्या आकड्यांत सापडत नाही. तो सामर्थ्य आणि त्याचे प्रदर्शन यांमध्ये राखलेल्या अंतरात आहे. पुढे बंडखोरीही खात्यात रुजू झाली: १९९९ साली ए. एम. जी.चा निम्म्याहून अधिक हिस्सा मूळ कंपनीने ताब्यात घेतला, तीन अक्षरांची मुद्रा प्रतिष्ठेची खूण ठरली, आणि रुंद चाके व गर्जणाऱ्या नळ्या यांच्याद्वारे गाडी आपली शक्ती दारातूनच पुकारू लागली. वेग वाढला, यंत्रही अधिक निर्दोष झाले, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ज्या काळी ‘६.९’चे गिऱ्हाईक भरभक्कम किंमत मोजून वर मागील आकडा काढून टाकावा अशी कारखान्याला फर्माईश करू शके, आणि कारखानाही ती मान्य करी, त्या काळाचा संयम मात्र पैशाने परत आणता येत नाही.