‘जुळणे’ आणि ‘पसंती’ : रखमाबाई खटल्याच्या अनुषंगाने एक विचार

वधूवरांचे पुढे पटेल किंवा नाही, याचा विचार महाराष्ट्रात पूर्वी होतच नव्हता, असे म्हणणे यथार्थ होणार नाही. विचार होत असे. मात्र तो कोणी व कशावरून करावयाचा, हे रूढीने ठरविलेले होते. भाषा याची साक्ष देते. विवाहास योग्य अशा पक्षास ‘स्थळ’ म्हणत. निर्देश माणसाचा नव्हे, घराचा. ‘सोयरीक’ जुळे ती दोन कुळांची. मुलगी ‘द्यावयाची’ आणि सून ‘करून घ्यावयाची’. या दोन्ही क्रियापदांचे कर्ते वडीलधारे, आणि मुलगी केवळ कर्म.

घटित पाहण्याच्या पद्धतीतही हेच दिसते. वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, राशिकूट आणि नाडी या आठ कूटांना अनुक्रमे १ ते ८ गुण देतात. त्यांची बेरीज ३६. त्यांपैकी १८ जुळले म्हणजे विवाह सामान्यतः अनुकूल मानतात. ही कूटे जन्मकालीन चंद्राच्या राशी-नक्षत्रांवरून निघत असल्याने जन्मानंतर घडलेल्या स्वभावास, विद्येस किंवा आरोग्यास त्यांत स्थान नाही. ‘गुण’ हा शब्द अंक आणि सद्गुण या दोन्ही अर्थी चालतो, म्हणून ही उणीव सहसा लक्षात येत नाही.

ही उणीव मुंबईच्या उच्च न्यायालयात उघड झाली. रखमाबाईंचा (जन्म १८६४) विवाह अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाला; परंतु त्या आई व सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच वाढल्या व शिकल्या. वयात आल्यावर त्यांनी नांदावयास जाण्याचे नाकारले. दादाजींची प्रकृती, चरितार्थाची असमर्थता आणि ते राहत होते त्या घरातील वातावरण ही कारणे त्यांनी दिली. विवाहापूर्वी जी पारख व्हावयास हवी होती, ती विवाहानंतर, आणि वधूने स्वतः केली, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

दादाजींनी १८८४ मध्ये वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेसाठी दावा लावला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. त्यांच्या विवेचनाचे मर्म ‘पुनः’ या एका उपपदात आहे : हे दांपत्य कधी एकत्र नांदलेच नव्हते, तेव्हा जे स्थापितच झाले नाही त्याची पुनःस्थापना कशी होणार? अपिलात हा निर्णय टिकला नाही. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जाण्याचा, न गेल्यास सहा महिने कारावासाचा हुकूम दिला. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दर्शविली. अखेर १८८८ मध्ये दादाजींनी २,००० रुपये घेऊन तडजोड केली. पुढे लंडनमध्ये वैद्यक शिकून रखमाबाई डॉक्टर झाल्या.

कायद्याची वाटचाल मंद होती. १८९१ मध्ये संमतिवय १० वरून १२ झाले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरविले. रखमाबाई निवर्तल्या त्याच १९५५ साली हिंदू विवाह कायदा झाला. त्याने बलाने वा कपटाने मिळविलेली संमती विवाह रद्द करविण्यास पुरेशी मानली; पुनःस्थापनेचे कलम मात्र कायम ठेवले. १९७८ मध्ये वधूचे वय १८, वराचे २१ झाले. वय वाढले तसा वधूला स्वतः विचार करण्यास अवकाश मिळाला.

गिरगावातील अनेक पांढरपेशी कुटुंबे विसाव्या शतकात पार्ले, अंधेरी, बोरिवली, मुलुंड या उपनगरांत गेली, आणि पत्रिकाही त्यांच्यासमवेत गेली. परंतु आज तेथे स्थळाची माहिती देणाऱ्या कागदावर रास, नक्षत्र, नाडी यांच्या खाली बहुधा ‘अपेक्षा’ असा आणखी एक रकाना असतो. वरचे रकाने जन्मवेळेवरून भरता येतात. हा रकाना भरावयाचा तर मुलीला किंवा मुलाला विचारावे लागते. तो अजूनही पुष्कळदा आईवडीलच भरतात, हे खरे. तथापि रखमाबाईंना जे न्यायालयात सांगावे लागले, ते विवाहापूर्वी सांगण्याची जागा त्या कागदावर निर्माण झाली आहे. ती जागा कोणाच्या हस्ताक्षरात भरली जाते, यावरच ‘जुळणे’ या क्रियापदाचा खरा कर्ता ठरेल.