बर्टन रिक्टर आणि एका विसंगतीचा पाठपुरावा

बर्टन रिक्टर (१९३१–२०१८) यांचे नाव नोव्हेंबर १९७४ मधील शोधाशी निगडित आहे; तथापि त्या शोधाची पूर्वपीठिका दीर्घ प्रतीक्षेची होती. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांचे झोत समोरासमोर आदळविणारे वलय स्टॅनफर्ड येथे उभारण्याची त्यांची योजना निधीअभावी अनेक वर्षे रखडली. ‘स्पीअर’ हे वलय अखेर १९७२ साली कार्यान्वित झाले.

आरंभी ऊर्जा २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या टप्प्यांनी वाढवून मोजमापे घेण्यात आली. ३.१ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपाशी पुन्हा घेतलेले आकडे मात्र परस्परांशी जुळेनात. हा दोष यंत्राचा, की निसर्गाचा संकेत? ९ व १० नोव्हेंबरला रिक्टर यांच्या गटाने तोच पट्टा अतिसूक्ष्म टप्प्यांनी तपासला, तेव्हा हॅड्रॉननिर्मितीचे प्रमाण सुमारे शंभर पटींनी वाढल्याचे आढळले. नव्या कणाची नैसर्गिक रुंदी ०.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टहूनही कमी आहे. इतके अरुंद शिखर मोठ्या टप्प्यांतून निसटणे स्वाभाविकच होते.

ब्रूकहेवन येथे सॅम्युएल टिंग यांच्या गटाने बेरिलियमवर प्रोटॉनांचा मारा करून हाच कण स्वतंत्रपणे शोधला होता. ११ नोव्हेंबरला दोन्ही शोध जाहीर झाले. १९७६ चे नोबेल पारितोषिक उभयतांस विभागून मिळाले. ‘जे/साय’ या जोडनावाच्या कणामुळे चार्म क्वार्कच्या कल्पनेस भक्कम आधार लाभला.

वलयाने शोध शक्य केला हे खरे. परंतु न जुळणारा आकडा चूक म्हणून टाकून न देण्याचा विवेक नसता, तर तेच वलय तो कण ओलांडून पुढे गेले असते.