समुद्र मुका कधीच नव्हता

पुणे समुद्रापासून दूर आहे. येथील वाचकाचा समुद्राशी परिचय बहुधा पुस्तकांतूनच होतो, आणि आमचाही तसाच झाला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 मध्ये हाती घेऊन 1966 मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, आदिपर्वात, कद्रू आणि विनता उच्चैःश्रवा घोडा पाहण्यासाठी निघतात तेव्हा वाटेत त्यांना समुद्र दिसतो. तिमिंगिल आणि मकर यांनी तो गजबजलेला आहे, आणि जलचरांच्या घोर आवाजांनी तो भयाण वाटतो. अशी वर्णने आपण महाकाव्याचा ठरीव अलंकार समजून ओलांडतो. आम्हीही अनेकदा ओलांडली. त्या कवीने देवमाशांचा आवाज ऐकला होता, असा आमचा मुळीच दावा नाही. मात्र समुद्रातील प्राणी आवाज करतात, हे त्याने गृहीत धरले होते, आणि हे गृहीत विज्ञानाला मान्य व्हायला विसावे शतक अर्धे सरावे लागले.

झाक-इव्ह कूस्तो याच्या सागरतळावरील पुस्तकाचे नाव होते 'द सायलेंट वर्ल्ड', म्हणजे निःशब्द जग. ते 1953 मध्ये निघाले. त्याच नावाच्या चित्रपटाने 1956 मध्ये कान महोत्सवातील सर्वोच्च पारितोषिक मिळवले. समुद्र निःशब्द, ही कल्पना तेव्हा कोणाला खटकली नाही. वास्तविक ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवले होते, की डॉल्फिन पकडणारे कोळी होड्यांतून गलका करतात आणि त्या आवाजाने बावरलेले डॉल्फिन काठाकडे पळतात. तरीही डॉल्फिनला ऐकण्याचे इंद्रिय दिसत नाही, याचे त्याला नवल वाटले होते. कोळ्यांना जे अनुभवाने ठाऊक होते ते कसे घडते, हा प्रश्न त्यानंतर दोन हजार वर्षे तसाच राहिला.

प्रश्न अवघड होता, कारण आपण 'कान' म्हणताना आपलाच कान डोळ्यांपुढे आणतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, पाण्यात सुमारे 1500 मीटर. शिवाय प्राण्याच्या शरीराची घनता पाण्याच्या जवळपास असल्याने पाण्यातील ध्वनी शरीराच्या सीमेवर अडत नाही, थेट आत शिरतो. सर्व कवटीच कंप पावू लागली तर आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे कळणार कसे? पाण्यात डोके बुडवलेल्या माणसाला नेमके हेच कळत नाही. डॉल्फिनच्या देहाने या पेचातून वाट काढली आहे. त्याच्या कानाची हाडे कवटीपासून जवळजवळ सुटी असून त्यांच्याभोवती हवेचे कप्पे आहेत. बाहेरचे कर्णछिद्र टाचणीच्या टोकाएवढे उरले आहे. मग ध्वनी आत जातो कोठून? अमेरिकन संशोधक केनेथ नॉरिस याने 1960 च्या सुमारास एका डॉल्फिनचे डोळे रबरी वाट्यांनी झाकले, तरी तो अडथळ्यांतून बिनचूक पोहत गेला. 1964 मध्ये नॉरिसने मांडले, की खालच्या जबड्यातील चरबी हाच ध्वनीचा मार्ग असावा. पुढील प्रयोगांनी त्याला बळकटी दिली. म्हणजे डॉल्फिन जबड्याने ऐकतो. आणि माणसाच्या श्रवणाची वरची मर्यादा 20 हजार हर्ट्झ असताना तो सुमारे दीड लाख हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू शकतो.

या शोधामागे युद्धाची छाया आहे, हे विसरता येत नाही. पाण्याखालचे ध्वनी टिपणारी उपकरणे पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी तयार झाली होती. त्यांतीलच एक घेऊन विल्यम शेव्हिल आणि बार्बरा लॉरेन्स यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातील साग्ने नदीत पांढऱ्या बेलुगा देवमाशांचे आवाज ऐकले. पुढच्या दशकात नौदलांच्या यंत्रांवर 20 हर्ट्झचे खोल ठोके उमटू लागले, तेव्हा शत्रूच्या उपकरणाचाही संशय घेतला गेला. ते फिन देवमाशांचे आवाज होते, हे 1960 च्या दशकात सिद्ध झाले. माणूस शत्रूची चाहूल घेत होता आणि त्याच्या कानी पडला तो एका सजीवाचा आवाज.

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी यातील एक तपशील आवर्जून सांगावासा वाटतो. रॉजर पेन आणि स्कॉट मॅक्वे यांनी 1971 मध्ये हंपबॅक देवमाशांच्या आवाजांना 'गीत' म्हटले, कारण त्यांत ठरावीक क्रमाने येणारे आणि पुनरावृत्त होणारे चरण होते. 1988 मध्ये लिंडा गिनी आणि कॅथरिन पेन यांनी या गीतांत यमकासारखी आवर्तने दाखवली, आणि लांबलचक गीत ध्यानात ठेवण्यास ती उपयोगी पडत असावीत, असे सुचवले. मौखिक परंपरेच्या अभ्यासकाला हे तर्कशास्त्र नवे नाही.

हे सारे दूर कोठे तरी घडते, असे मात्र नाही. आपल्या अरबी समुद्रातच हंपबॅकांचा एक समुदाय राहतो. जगातील इतर हंपबॅक ऋतुमानाप्रमाणे ध्रुवीय समुद्रांकडे जातात. हा जात नाही. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासानुसार तो सुमारे 70 हजार वर्षे इतरांपासून वेगळा आहे. त्याचे गीतही हिंदी महासागराच्या नैर्ऋत्येकडील हंपबॅकांच्या गीताहून निराळे आहे. ओमानच्या किनाऱ्यावरील गणनेत त्याची संख्या शंभराच्याही आत भरली. बोलणारे शंभरही उरलेले नसलेल्या भाषेची जी अवस्था, तीच या गीताची.

आणि ते ऐकू येण्यासाठी लागणारी शांतता आपण हिरावत आहोत. जहाजांचा आवाज नेमक्या त्याच खालच्या सप्तकात असतो, ज्यात मोठे देवमासे बोलतात. सप्टेंबर 2001 मध्ये अमेरिकेवरील हल्ल्यांनंतर कॅनडातील फंडीच्या उपसागरात जहाजांची वर्दळ काही काळ थांबली, पाण्यातील गोंगाट सहा डेसिबलने उतरला, आणि तेथील राइट देवमाशांच्या विष्ठेतील ताणसंप्रेरकेही घटलेली आढळली. हा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईच्या दारातून तेलवाहू आणि मालवाहू जहाजे रात्रंदिवस जात-येत असतात, ती याच अरबी समुद्रातून. पाण्याखालील या गोंगाटाचा अभ्यास करणारी मॅरिटाइम रिसर्च सेंटर ही संस्था पुण्यात आहे, आणि तिचे संस्थापक अर्णब दास हे माजी नौदल अधिकारी आहेत. शत्रूसाठी लावलेला कान सजीवांकडे वळतो, हा इतिहास येथेही दिसतो.

नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचे एक पिल्लू अडकले. माणसांनी दोन दिवस खटपट करून त्याला पाण्यात लोटले, तरी ते जगले नाही. ते का वाट चुकले, याविषयी तर्क लढवण्याचा आम्हाला अधिकार नाही. डोळ्यांपुढे आलेल्या जिवासाठी आपण धावतो, एवढे मात्र त्यातून दिसले. जो केवळ कानांनीच भेटू शकतो, त्याच्यासाठी आपण काय करतो, हा प्रश्न उरतो.

असो. आदिपर्वातील तो समुद्र वर्गात पुन्हा शिकवण्याचा प्रसंग आला, तर जलचरांच्या आवाजाशी आम्ही क्षणभर थांबू. तो अलंकार आहे, हे सांगूच. आणि तो खराही आहे, हेही सांगू.