अरुंद नौकेतील दीप

इंग्लंडच्या मध्यभागातील कालव्यांवर जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुमारे 7 फूट रुंदीची जलद्वारे बांधविली, आणि त्या एका मापाने पुढील दोन शतकांतील नौकांची व त्यांत नांदणाऱ्या संसारांची मर्यादा कायमची आखून दिली. मालाला सारी जागा देऊन उरलेल्या इवल्याशा खोलीत नावाड्याचे कुटुंब रॉकेलच्या दिव्याच्या पिवळसर उजेडात दिवस काढीत असे. पुढे रेल्वेने व मोटारींनी मालवाहतूक हिरावून घेतली. परंतु 1946 साली एल. टी. सी. रोल्ट, रॉबर्ट एकमन प्रभृतींनी कालवे वाचविण्यासाठी संस्था स्थापिली, आणि हौशी गृहस्थ स्वहस्ते नौका सजवू लागले.

त्यांच्याबरोबर मोटारीतील 12 व्होल्टची विद्युत् नौकेत आली. हा दाब सौम्य खरा, परंतु तारेच्या हिशेबात तो मोठा कठोर आहे. बॅटरीपासून 15 मीटरवरील शीतकपाटास 5 अँपिअर प्रवाह न्यावयाचा, तर जाण्यायेण्याची लांबी 30 मीटर होते. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत सुमारे 1 व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो, आणि शीतकपाट मंदावते. म्हणून जाणता कारागीर तक्तपोशी ठोकण्यापूर्वीच जाड तारांची तजवीज करतो, बॅटरीच्या निकट फ्यूज बसवितो, आणि पोलादी तळ गंजू नये म्हणून परतीचा प्रवाह त्यातून न नेता स्वतंत्र तारेने आणतो. भिंतीआड लपणारी ही दक्षता मला अशा नौकांवर रंगविलेल्या फुलांइतकीच सुंदर वाटते.