कापलेला आणा कोणाचा?

कामगारानें महिनाभर राबून मिळविलेली रक्कम आणि पगाराच्या दिवशीं त्याच्या हातीं पडणारी रक्कम या दोन गोष्टी आज बहुतेक ठिकाणीं निराळ्या असतात. मधला फरक मालकानें कापून घेतलेला असतो. कांहीं म्हातारपणाच्या निधीसाठीं, कांहीं आजाराच्या विम्यासाठीं, कांहीं सरकारच्या प्राप्तिकरासाठीं. कापण्याचें काम मालकाच्या कचेरींत एका क्षणांत होतें. परंतु कापलेला पैसा जेथें जावयाचा तेथें पोंचला कीं नाहीं, हें कामगारास सहसा दिसत नाहीं. तो न पोंचल्यास बुडालें कोणाचें, या साध्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत या देशाचीं पाऊणशें वर्षें गेलीं. नागपूरच्या गिरण्यांच्या बाजूनें पाहिलें म्हणजे हा शोध चांगला उलगडतो.

१ जानेवारी १८७७ रोजीं दिल्लीच्या दरबारांत व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचें जाहीर झालें. त्याच दिवशीं नागपुरांत जुम्मा तलावाजवळ जमशेटजी टाटा यांची कापडगिरणी सुरू झाली आणि तिला एम्प्रेस मिल हें नांव मिळालें. तिचे व्यवस्थापक बेझनजी मेहता हे रेल्वेच्या नोकरींतून आलेले गृहस्थ होते. आरंभीं कामगार गिरणींत टिकत नसत. गैरहजेरी हें नित्याचें दुखणें होतें. तें दंडानें बरें होणार नाहीं, हें टाटांनीं ओळखलें. १८८६ सालीं त्यांनीं कामगारांसाठीं पेन्शन फंड स्थापन केला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई देण्यास आरंभ केला. अशा भरपाईचा कायदा देशांत १९२३ सालीं झाला. म्हणजे या बाबतींत गिरणी कायद्याच्या २८ वर्षें पुढें होती.

तथापि हें सारें एका मालकाच्या दूरदृष्टीवर उभें होतें, आणि प्रत्येक मालक टाटा नसतो. त्या काळीं एखाद्या पेढीनें नोकरांसाठीं निधि काढला तरी त्याचा पैसा स्वतःच्याच धंद्यांत फिरविण्यास तिला फारसा अटकाव नसे. धंदा चालला तोंवर ठीक. तो बसला म्हणजे ज्या नोकरानें वर्षानुवर्षें पैसा सांठविला, तोहि इतर धनकोंच्या रांगेंत हात पसरून उभा राही. सरकारी व रेल्वे नोकरांच्या निधीस १९२५ च्या प्रॉव्हिडंट फंड कायद्यानें संरक्षण दिलें. सावकाराच्या जप्तीपासून तो निधि सुरक्षित झाला. त्यामुळें नागपूरच्या रेल्वे स्टेशनांतील कारकुनाची शिल्लक राखली गेली. हाकेच्या अंतरावर साच्यापुढें उभ्या असलेल्या विणकऱ्यास मात्र त्या कायद्याचा आधार नव्हता.

१९३६ सालीं दोन पावलें पुढें पडलीं. वेतन अदायगीच्या कायद्यानें पगारांतून काय कापतां येईल याची यादी ठरवून दिली व मनमानी दंडास आळा घातला. त्याच वर्षीं कंपनी कायद्याची दुरुस्ती होऊन नोकरांच्या निधीचा पैसा बँकेंत, पोस्टांत किंवा भरवशाच्या रोख्यांत ठेवण्याचें बंधन कंपन्यांवर आलें. तरी निधि काढावा कीं काढूं नये, हें मालकाच्याच मर्जीवर राहिलें.

ही मर्जी स्वातंत्र्यानंतर संपली. १९४८ सालीं कोळशाच्या खाणींसाठीं सक्तीच्या निधीचा कायदा झाला. १५ नोव्हेंबर १९५१ रोजीं इतर उद्योगांसाठीं वटहुकूम निघाला आणि ४ मार्च १९५२ पासून कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीचा कायदा आला. प्रथम तो सहा उद्योगांतील, ५० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांस लागू झाला. त्यांत कापडधंदा होता. नागपूर तेव्हां मध्यप्रदेश राज्याची राजधानी होतें, आणि गिरण्यांचे भोंगे हेंच शहराच्या मोठ्या भागाचें घड्याळ होतें.

वर्गणीचा दर शेंकडा सव्वासहा ठेवला होता. आंकडा चमत्कारिक वाटतो. पण जुन्या चलनांत मोजला म्हणजे त्याचें मर्म कळतें. सोळा आण्यांच्या रुपयांतील तो बरोबर एक आणा होय. रुपयामागें कामगाराचा एक आणा व मालकाचा एक आणा, असा हा हिशेब होता. महिना संपल्यापासून पंधरा दिवसांच्या आंत दोन्ही आणे निधींत भरावयाचे. ८० रुपये पगाराच्या कामगाराचे ५ रुपये कापले जात व मालक त्यांत आपले ५ घाली. २५ वर्षांत व्याज सोडूनहि हे ३००० रुपये होतात. ज्याच्या घरीं बचतीचें दुसरें साधन नाहीं, त्याच्या दृष्टीनें ही मुलीच्या लग्नाची, घराच्या छपराची आणि थकल्या हातांच्या भाकरीची तरतूद होती.

आतां मालकाच्या बाजूनें पाहावें. ५०० कामगारांच्या कारखान्यांत याच हिशेबानें दरमहा ५००० रुपये जमा होतात. कापसाचा भाव चढला, माल पडून राहिला, बँकेचा हप्ता तुंबला, कीं पेटींतील हा पैसा खुणावूं लागतो. कोणी तगादा लावीत नाहीं, व्याज मागत नाहीं. ‘पुढच्या महिन्यांत भरूं’ असें म्हणून एक महिना जातो, मग तीन जातात, मग वर्ष जातें. बुडवेगिरीचा आरंभ बहुधा चोरीच्या बुद्धीनें होत नाहीं. तो उसनवारीच्या बुद्धीनें होतो. परिणाम मात्र तोच, कारण कारखाना बंद पडतो तेव्हां उसने घेतलेले पैसे परत करण्याची ताकद उरलेली नसते.

यावर कायद्यानें अनेक उपाय योजले. थकलेली रक्कम शेतसाऱ्याच्या बाकीप्रमाणें वसूल करण्याची सोय केली. उशीर करणाऱ्यावर नुकसानीची रक्कम बसविण्याचा अधिकार निधीच्या आयुक्तांस दिला, आणि १९७९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो अधिकार घटनेस धरून असल्याचा निर्णय दिला. परंतु सर्वांत महत्त्वाचें पाऊल १९७३ चें होय. तोंवर मालकाच्या बाजूनें एक युक्तिवाद करतां येण्यासारखा होता: पैसा कामगाराच्या हातीं गेलाच नाहीं, तो प्रथमपासून मालकाच्याच तिजोरींत होता; मग त्यानें तो मालकाकडे विश्वासानें सोंपविला असें कसें म्हणावें? १९७३ सालीं भारतीय दंडसंहितेच्या ४०५ व्या कलमास स्पष्टीकरण जोडून हा वाद मिटविला गेला. पगारांतून वर्गणी कापतांच ती मालकाकडे विश्वासानें सोंपविली असें मानावें, आणि त्यानें ती न भरल्यास तो विश्वासघाताचा गुन्हा समजावा, असें ठरलें. २०२४ सालीं दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली. हें तत्त्व तिच्यांतहि कायम राहिलें.

मालकास शिक्षा झाली म्हणून कामगाराचें पोट भरत नाहीं. म्हणून मूळ प्रश्न उरतोच: नुकसान कोणाचें? याचें सर्वांत स्वच्छ उत्तर १९४८ च्या राज्य विमा कायद्यानें दिलें. ही विमा योजना १९५४ सालीं नागपुरांत आली. मालकानें वर्गणी भरली नाहीं म्हणून आजारी कामगाराचा लाभ बुडाला असेल, तर महामंडळानें त्यास लाभ द्यावा आणि वसुली मालकाकडून करावी, अशी त्या कायद्यांत वाट होती. भविष्यनिर्वाह निधीनेंहि १९६० सालीं एक खास राखीव निधि स्थापन केला. मालकानें कापलेली वर्गणी भरली नसतां नोकरी सोडणाऱ्या सभासदास किंवा त्याच्या वारसास त्यांतून रक्कम देतां यावी, हा त्याचा हेतु. प्राप्तिकराच्या १९६१ च्या कायद्याचें २०५ वें कलम याच विचाराचें होतें. पगारांतून कर एकदां कापला गेला कीं तोच कर नोकराकडे पुन्हां मागूं नये, असें तें सांगे. आणि मालकानें कर कापून सरकारांत भरला नाहीं तरीहि हें संरक्षण टिकतें, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयानें २००७ सालीं दिला.

धंदा बुडाल्यावर बँक व कामगार समोरासमोर येतात, तेव्हां खरी कसोटी लागते. महाराष्ट्रांतील सहकारी साखर कारखान्यांच्या बाबतींत ती लागली. कारखान्यांनीं साखरेचीं पोतीं राज्य सहकारी बँकेकडे तारण ठेवलीं होतीं, आणि कामगारांच्या निधीची बाकी थकली होती. बँक म्हणे, साखर आमची. निधीची कचेरी म्हणे, आधीं कामगारांचें देणें. २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निधीच्या बाकीस तारणधारक बँकेच्याहि आधीं मान दिला. पुढें २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनें कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीची रक्कम बुडालेल्या कंपनीच्या वांटणीयोग्य मालमत्तेंत धरूंच नये असें ठरविलें. धनकोंच्या रांगेंत कामगारानें उभें राहण्याचें कारणच उरलें नाहीं, कारण जें त्याचें आहे तें मालकाचें कधीं नव्हतेंच.

हा आजार एका देशाचा नव्हे. १९९१ सालीं इंग्लंडांतील वृत्तपत्रांचे धनी रॉबर्ट मॅक्सवेल यांच्या मृत्यूनंतर, नोकरांच्या पेन्शन फंडांतील ४० कोटी पौंडांहून अधिक रक्कम त्यांच्या डबघाईस आलेल्या उद्योगांकडे वळविली गेल्याचें उघड झालें. त्यानंतर १९९५ सालीं तेथें पेन्शनचा नवा कायदा करावा लागला.

नागपूरची एम्प्रेस मिल १९८६ सालीं राज्य सरकारनें संपादन केली. पुढें तिचीं यंत्रें थांबलीं आणि त्या जागीं बाजाराची नवी इमारत उभी राहिली. भोंगा गेला, पण पगारांतून कापणें गेलें नाहीं. उलट तें कारखान्यांतून दुकानांत, दवाखान्यांत आणि शाळांत पसरलें. २०१४ पासून निधीच्या प्रत्येक सभासदास कायमचा एक क्रमांक मिळूं लागला, आणि त्यावरून आपल्या खात्यावर दरमहा काय जमा झालें हें त्यास स्वतः पाहतां येऊं लागलें. १९५२ सालच्या विणकऱ्याजवळ हा डोळा नव्हता. त्याला फसवणूक कळे ती बहुधा नोकरी सुटल्यावर. ज्या घरांत आज पगाराचा कागद येतो, त्या घरानें त्या कागदावरील वजावट आणि खात्यावरील जमा हे दोन आंकडे दरमहा शेजारीं ठेवून पाहावेत. पहिल्याच महिन्याची चूक दुरुस्त होते. दहा वर्षांची चूक न्यायालयांत जाते, आणि तिथून ती परत येईपर्यंत म्हातारपण थांबत नाहीं.