जॅक्सनचा खून आणि नाशिकचे लोकमत

२१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात देवलांच्या ‘शारदा’चा प्रयोग होता. मुंबईला बदली झालेले जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांना निरोप देण्याचा तो प्रसंग. ते येताच अनंत लक्ष्मण कान्हेरे या सतरा-अठरा वर्षांच्या तरुणाने ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. जॅक्सन ठार झाले.

नाशिककरांनी या घटनेकडे कसे पाहिले? ‘जुलमी अधिकाऱ्याचा वध’ हे आजचे सोपे उत्तर अपुरे आहे. जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते. भगवानलाल इंद्रजींनी अपुरा ठेवलेला गुजरातचा प्राचीन इतिहास त्यांनी पुरा केला. लोकसमजुतींची त्यांनी जमवलेली टिपणे पुढे एन्थोव्हेन यांनी प्रसिद्ध केली. अशा अधिकाऱ्याविषयी आदर असणारे लोक गावात होते.

पण याच जॅक्सननी बाबाराव सावरकरांचा खटला वरच्या न्यायालयाकडे पाठवला होता. ८ जून १९०९ रोजी कवितांच्या पुस्तिकेपायी बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कान्हेरे आणि त्याच्या सोबत्यांच्या लेखी जॅक्सन हा व्यासंगी माणूस नव्हता. ती सरकारची खुर्ची होती.

सरकारला मात्र सर्वांत आधी पिस्तूल दिसले. १८७८ च्या हत्यार कायद्याने परवान्याविना शस्त्र बाळगणे गुन्हा होता, आणि हे पिस्तूल विनायकराव सावरकरांनी लंडनहून चोरून धाडलेल्या वीस पिस्तुलांपैकी निघाले. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्यात फाशी झाली. विनायकरावांना दोन जन्मठेपा झाल्या.

मग उरलेले गाव? त्याचे मत कोठे नोंदले गेले? येथे लंडनमधला एक प्रसंग उपयोगी पडतो. १ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायलीला गोळ्या घालून ठार केले. ५ जुलैला कॅक्स्टन हॉलमध्ये हिंदी लोकांची निषेधसभा भरली. ठराव एकमताने संमत होत असल्याचे सांगितले जाताच विनायकरावांनी उठून विरोध नोंदवला. सभेत गोंधळ उडाला. तो एक आवाज निघाला नसता, तर इतिहासात ‘एकमत’ एवढेच राहिले असते.

जेथे कवितेला जन्मठेप होते, तेथे गप्प राहणाऱ्याचे मन वाचता येत नाही. त्या मौनाला सरकारने राजनिष्ठा म्हणावे आणि आपण आज मूक पाठिंबा म्हणावे, दोन्ही सारखेच सोयीचे. हळहळ आणि अभिमान एकाच घरात, कदाचित एकाच मनात असू शकतात.

आज नाशिकचे एक मोठे मैदान हुतात्मा अनंत कान्हेरे यांच्या नावाने ओळखले जाते. लोकसाहित्याचे अभ्यासक जॅक्सनची टिपणे अजून उघडतात. मैदानावरची गर्दी त्या टिपणांकडे वळत नाही. दोन्ही पाहिल्याशिवाय त्या रात्रीचे नाशिक मात्र समजणार नाही.